खेळांतलें भांडण

ज्या गल्लींत अजून संध्याकाळीं मुलें खेळावयास जमतात, अशी मोर्शीची एखादी गल्ली गांठून पांचच्या सुमारास तेथें उभें राहिलें, तर पाहणाऱ्याच्या ध्यानांत पहिली गोष्ट येते ती ही कीं, मुलें खेळतात थोडा वेळ आणि भांडतात बराच वेळ. विटी उडते, दांडू फिरतो, टोला बसतो. आणि तेथून पुढें दहा मिनिटें विटी जमिनीवर स्वस्थ पडलेली असते व चौदा मुलें तिच्याभोंवतीं उभीं राहून एकाच वेळीं बोलत असतात. शेजारच्या ओसरीवर दुपारची झोंप संध्याकाळपर्यंत लांबवूं पाहणारे गृहस्थ त्रासून विचारतात, "अरे, खेळतां कीं भांडतां?" हा प्रश्न पिढ्यान् पिढ्या विचारला गेला आहे, आणि एकाही मुलानें त्याचें उत्तर दिलेलें नाहीं, कारण त्याला तो प्रश्नच समजत नाहीं. न्हावी पट्ट्यावर वस्तरा घासूं लागला म्हणजे "बाबा रे, हजामत करतोस कीं वस्तरा घासतोस?" असें त्याला कोणी विचारीत नाहीं.

मोठ्या माणसांची समजूत अशी कीं, खेळ ही मूळ वस्तु आणि भांडण हा तींत शिरलेला रोग. मुलांचें मत उलट आहे, आणि थोडा विचार केला तर तेंच बरोबर दिसतें. गल्लींतल्या खेळाला पंच नसतो, छापील नियम नसतात, चुन्याच्या रेघा नसतात. हद्द म्हणजे एका अंगाला कडुनिंबाचें झाड, दुसऱ्या अंगाला कोणाच्या तरी घरचा ओटा, आणि तिसऱ्या अंगाला जेथें गाय बसली असेल ती जागा. गाय उठून गेली कीं हद्दही तिच्याबरोबर जाते. अशा ठिकाणीं न्याय करावयाचा कोणीं? वादी, प्रतिवादी, साक्षीदार आणि न्यायाधीश, हीं सारीं कामें त्याच चौदा पोरांना करावीं लागतात, आणि तींही अंधार पडण्यापूर्वीं. तेव्हां दहा मिनिटें लागतात ह्याचें नवल नाहीं. दहाच मिनिटें लागतात ह्याचें नवल आहे. शेताच्या बांधाचा दावा कित्येकदां आजोबांच्या नांवानें सुरू होऊन नातवाच्या नांवानें निकालांत निघतो. मराठी विनोदाचे जनक मानले गेलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर ह्यांनीं वऱ्हाडांतच, जळगांव-जामोदला, वकिली केली. 'सुदाम्याचे पोहे' लिहिणाऱ्याला विषयांचा तुटवडा कां पडला नसावा, ह्याचा उलगडा होण्यास एवढी एक गोष्ट पुरे.

गिल्लीदांडूचेंच पाहावें. पुण्याकडे ज्याला विटीदांडू म्हणतात तोच हा खेळ. त्याचा एक प्रकार असा कीं, टोला बसून विटी जेथें पडेल तेथपासून खळग्यापर्यंत किती दांडू अंतर भरेल, हें टोला मारणारानें नजरेनें ताडावयाचें आणि तितके गुण मागावयाचे. प्रतिपक्षाला मागणें रास्त वाटलें तर तें मुकाट्यानें द्यावयाचें. न वाटलें तर जमीन दांडूनें मोजावयाची. आणि मागितल्यापेक्षां अंतर कमी भरलें तर मागणारा बाद. ह्यांत लोभ आहे, अदमास आहे, समोरच्याच्या चेहऱ्याची पारख आहे, आणि मुख्य म्हणजे भांडणाला घरचें आमंत्रण आहे.

"चाळीस दे."

"चाळीस? काहून बे, तुह्या बापाचं वावर हाये काय इथं?"

"मंग मोज!"

"मोजतोच. पण दांडू म्या धरीन, तू नाई."

येथून खरा खेळ सुरू होतो. दांडू धरणारा तो उचलतांना बोटभर पुढें सरकवतो, असा एका पक्षाचा आरोप. बोटभर मागें घेतो, असा दुसऱ्याचा. मध्येंच कोणी तरी आंकडा चुकतो, मग पुन्हां खळग्यापासून आरंभ. ह्याच खेळाच्या दुसऱ्या एका प्रकारांत वकट, लेंड, मूंड, नाल असे मजेदार आंकडे येतात. तेलुगु भाषेंत एक, दोन, तीन, चार ह्यांना ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात, हें ज्याला ठाऊक आहे त्याला ह्या आंकड्यांचें कूळ सांगावयास नको. ज्या पोराला शाळेंत मराठी पाढे येत नाहींत म्हणून छडी खावी लागली, तें संध्याकाळीं गल्लींत बिनचूक तेलुगु मोजतें, आणि त्याचें त्यालाही हें माहीत नसतें. भांडण मात्र तें शुद्ध वऱ्हाडींत करतें. परभाषेंतून आंकडे उसने घेतां येतात. आरोप घेतां येत नाहींत.

मुलांच्या खेळांतला आणखी एक शब्द राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनीं लक्षांत घ्यावा असा आहे. लपंडावांत किंवा शिवाशिवींत ज्याच्यावर पाळी येते त्याच्यावर 'राज्य' आलें असें आपण म्हणतों. मोठ्यांच्या जगांत राज्य मिळावें म्हणून माणसें धांवतात. मुलांच्या जगांत तें चुकवावें म्हणून धांवतात, आणि आलेंच तर पहिल्या सांपडेल त्याला शिवून त्याच्या गळ्यांत घालतात. राज्य आलेल्या मुलाच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलेलें पुष्कळांनीं पाहिलें असेल. राज्य गेलें म्हणून रडणारें मूल अद्याप कोणीं पाहिलेलें नाहीं.

आणि ह्या भांडखोर प्रजेंत दयेचाही एक कायदा आहे. आई मोठ्याला खेळावयास सोडते ती धाकट्याला त्याच्या गळ्यांत बांधून. हा धाकटा सर्वांबरोबर धांवतो, पडतो, शिवला जातो, पण बाद मात्र होत नाहीं. कारण तो 'कच्चें लिंबू'. संत्र्यांच्या ह्या मुलखांत त्याला कच्चें संत्रें म्हणावें असें कोणाला सुचलें नाहीं, आणि एका परीनें तें ठीकच झालें. कारण मोर्शी-वरुडकडच्या बागांत संत्र्याचें कलम बहुधा जंभेरीच्या खुंटावर बांधलेलें असतें, आणि जंभेरी ही लिंबाचीच जात. वर संत्रें, खालीं लिंबू. आज जो पोरगा चाळीस दांडू मागतो आहे, तो चार वर्षांपूर्वीं कच्चें लिंबूच होता. ह्या सवलतीसाठीं कोणीं सभा भरवली नाहीं, ठराव मांडला नाहीं. मात्र धाकटा कोणत्या दिवसापासून पक्का समजावा ह्यावर भांडण होतें, आणि तें बहुधा धाकट्यानेंच काढलेलें असतें.

भांडणाला एक मर्यादाही असते. ज्याचा दांडू त्याला एका हद्दीपलीकडे दुखवावयाचें नाहीं. कारण तो दांडू घेऊन घरीं गेला तर हरणाऱ्याबरोबर जिंकणाऱ्याचाही डाव बुडतो. इकडे दांडूवाल्यालाही आपल्या मालकीचा तोरा फार मिरवतां येत नाहीं. घरीं एकट्यानें दांडू घेऊन बसल्यास त्याचा उपयोग काय? आई फार तर त्याच दांडूनें म्हैस हांकून आणावयास सांगेल. म्हणून दोन्ही पक्ष कड्याच्या टोंकापर्यंत जातात आणि तेथें थबकतात. "जा, नाई खेळत" हें वाक्य ह्या गल्लींत रोज उच्चारलें जातें, आणि दुसऱ्या दिवशीं पांच वाजतां तें उच्चारणारें मूल सर्वांच्या आधीं हजर असतें. उद्यांचा डाव मोडणार नाहीं इतपतच आज भांडावयाचें, हें मोजमाप दांडूनें होत नाहीं. तें त्या पोरांना कोणीं शिकविलें तें कळत नाहीं.

भांडावयाच्या जागीं न भांडल्यानें काय ओढवतें, ह्याचा दाखला विदर्भाच्याच एका जांवयानें घालून ठेवला आहे. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण आहे. त्याच्या जलाशयाला नळ-दमयंती सागर म्हणतात. दमयंती ही विदर्भाच्या भीमराजाची कन्या, तेव्हां माहेरच्या पाण्याला तिचें नांव मिळालें हें रीतीला धरूनच झालें; जांवईबापूंचें नांव त्यांत मानानें आधीं घातलें, हेंही रीतीलाच धरून. महाभारताच्या वनपर्वांत बृहदश्व ऋषि ही नळाची कथा युधिष्ठिराला सांगतात. म्हणजे द्यूतांत हरलेल्या एका राजाची गोष्ट द्यूतांत हरलेल्या दुसऱ्या राजाला. दुःखितांचें सांत्वन करण्याची ही तऱ्हा आजही आपल्याकडे चालू आहे.

कथेप्रमाणें एके दिवशीं नळानें पाय न धुतां संध्या केली, आणि एवढें निमित्त साधून कलि त्याच्या अंगांत शिरला. खेळून आलेल्या मुलांवर "आधीं पाय धू, मग घरांत ये" म्हणून आया ओरडतात, त्या उगाच ओरडत नाहींत. कलि नळांत शिरला, द्वापर फांशांत शिरला, आणि भाऊ पुष्कर समोर येऊन बसला. डाव महिनोन् महिने चालला. सोनें गेलें, रथ गेले, घोडे गेले. नगरवासी दाराशीं आले, मंत्री आले, दमयंतीनें विनवणी केली, नळ ऐकेना. आतां असें प्रत्येक दान उलटें पडूं लागलें असतां मोर्शीचा कोणताही दहा वर्षांचा मुलगा काय करील? तो फांसे उचलून घेईल, दांताखालीं धरून पाहील, "फांसे बदल" म्हणेल, "तूं हात झांकून टाकतोस" म्हणेल, "मघाचें दान धरणार नाहीं, तेव्हां मांजर आडवें गेलें होतें" म्हणेल. नळ ह्यांतलें अक्षरही बोलला नाहीं. तो उमदेपणानें हरत गेला, आणि ह्या उमदेपणाचें फळ म्हणून एकेका वस्त्रानिशीं राजा आणि राणी रानांत गेलीं.

पुढें दोघांची ताटातूट होऊन नळ बाहुक ह्या नांवानें अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. दमयंतीनें त्याचा माग लागावा म्हणून आपलें दुसरें स्वयंवर होणार असा निरोप अयोध्येस पाठविला, आणि वेळ दिली अवघ्या एका दिवसाची. ऋतुपर्णाची गडबड उडाली. बाहुकानें घोडे असे सोडले कीं, राजाचें उपरणें वाऱ्यानें उडालें आणि तो "थांब" म्हणेपर्यंत एक योजन मागें राहिलें. आपल्या सारथ्याला कांहींतरी येतें आणि आपल्याला कांहींच येत नाहीं, असें कोणत्याही मालकाला फार वेळ वाटूं देणें बरें नव्हे. म्हणून ऋतुपर्णानें वाटेंतल्या एका बेहड्याकडे बोट करून सांगितलें कीं, ह्या दोन फांद्यांवर पांच कोटि पानें आणि २०९५ फळें आहेत. येथें नळानें आयुष्यांत प्रथमच अस्सल वऱ्हाडी उत्तर दिलें. तो म्हणाला, मोजून पाहतों. राजा म्हणतो उशीर होईल. सारथी म्हणतो, घाई असेल तर दुसऱ्याला घेऊन पुढें जा, मी मोजल्याशिवाय हलणार नाहीं. स्वयंवराला निघालेला राजा रानांत तिष्ठत बसला आहे आणि त्याचा सारथी झाड पाडून बेहडे मोजतो आहे, ह्यापेक्षां करमणुकीचा देखावा महाभारतांत दुसरा क्वचितच असेल. फळें बरोबर भरलीं. मग ऋतुपर्णानें त्याला अक्षविद्या दिली, त्यानें ऋतुपर्णाला अश्वविद्या देऊं केली, आणि कलि नळाच्या अंगांतून बाहेर पडला. अक्षविद्येच्या प्रभावानें पडला असें ग्रंथांत आहे. मुलांना विचारलें तर तीं म्हणतील कीं, "मंग मोज" हें ऐकूनच तो निघाला असावा.

ऋतुपर्णाची विद्या त्याच्याबरोबर लोपली, असें ज्यांना वाटतें त्यांनीं हंगामांत मोर्शी-वरुडच्या संत्र्यांच्या बागांत जाऊन यावें. आंबिया बहाराचीं फळें दिवाळीच्या आगेंमागें उतरतात, मृग बहाराचीं उन्हाळ्याच्या तोंडाशीं. पण सौदा पुष्कळदां फळ झाडावर असतांनाच होतो. व्यापारी हात पाठीमागें बांधून झाडांखालून फिरतो. त्याचें लक्ष फळाकडे नाहीं असें त्याला दाखवावयाचें असतें, आणि आपलें लक्ष व्यापाऱ्याकडे नाहीं असें बागाइतदाराला. फिरून आल्यावर तो एक आंकडा बोलतो: बागेंत इतके हजार फळ आहे. बागाइतदार हंसतो. तो दुसरा आंकडा बोलतो. आतां व्यापारी हंसतो. मग गळ किती होईल, बारीक फळ किती निघेल, भाव हजारीं काय धरावयाचा, ह्यावर तास दीड तास जातो. चहा येतो. व्यापारी उठून फाटकापर्यंत जातो, म्हणजे "जा, नाई खेळत" म्हणतो. आणि फाटकाशीं चप्पल नीट करण्याच्या निमित्तानें इतका वेळ उभा राहतो कीं, मागून हांक आलीच पाहिजे. हांक येते. पुढल्या वर्षीं हाच व्यापारी ह्याच बागेंत यावयाचा असतो, हें दोघांनाही माहीत असतें. म्हणून येथेंही कड्याच्या टोंकावरून दोघे परततात. गुरांच्या बाजारांत तर भांडण मुक्यानें होतें. रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें दाबून बैलाची किंमत ठरते. भोंवतालच्यांना दिसते ती रुमालाची चुळबुळ आणि दोन निर्विकार चेहरे. ह्या पुरुषांना घरीं बायकोशीं बोलतांना तीच निर्विकारता कां साधत नाहीं, हें एक कोडें आहे.

हें सारें मुलग्यांचेंच झालें. मुलींची तऱ्हा निराळी, पण भांडणाचा हक्क त्यांनींही सोडलेला नाहीं. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत वऱ्हाडांत भुलाबाई बसते. मुली टिपऱ्या घेऊन घरोघर जातात, गाणीं म्हणतात, आणि शेवटीं झांकलेल्या डब्यांतला खाऊ ओळखावयाचा असतो. डबा हालवून दाखवितात; आवाजावरून चिवडा कीं शेंगदाणे हें सांगावयाचें. घरची बाई मोठी हुशार असेल तर ती खाऊ असा करते कीं, तो वाजतच नाहीं. मग तर्कांचा पाऊस पडतो. गोड कीं तिखट? शिजवलेलें कीं तळलेलें? पिवळें कीं पांढरें? एक मुलगी "वडी" म्हणते, डबा उघडल्यावर नारळाची बर्फी निघते, आणि बर्फी ही वडींत मोडते कीं नाहीं ह्यावर अंगणांत जो वाद माजतो तो ऐकून पाकशास्त्रावर ग्रंथ लिहिणाऱ्यांनीं लेखणी खालीं ठेवावी. निकाल लागत नाहीं. खाऊ मात्र वाद चालू असतांनाच संपतो, आणि दुसऱ्या घरीं जावयाचें असतें.

आतां ह्या सुखी राज्यांत पंच कसा शिरला तें पाहावें. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं खोखोचे नियम बांधले. हुतुतूचे नियम बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानें १९२३ सालीं छापून काढले. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळही १९१४ सालचेंच. वैद्य बंधूंनीं काढलेल्या ह्या संस्थेनें देशी खेळांना जी प्रतिष्ठा मिळवून दिली तिचें मोल कमी लेखण्याचें कारण नाहीं. १९३६ सालीं बर्लिनला ऑलिंपिक सामने झाले तेव्हां मंडळाच्या पथकानें तेथें जाऊन भारतीय व्यायामांचीं आणि खेळांचीं प्रात्यक्षिकें केलीं; त्यांत कबड्डीही होती. वऱ्हाडच्या मातींतला खेळ बर्लिनच्या लोकांनीं डोळे भरून पाहिला. तो त्यांनीं शांतपणें पाहिला, ह्यावरूनच त्यांना तो पुरता कळला नसावा असा तर्क निघतो. दम तुटला कीं नाहीं, ह्यावर एकही जर्मन दुसऱ्या जर्मनाच्या अंगावर धांवून गेल्याचें ऐकिवांत नाहीं.

नियम झाले हें योग्यच झालें. त्यांवांचून अमरावतीच्या मुलाला बडोद्याच्या मुलाशीं खेळतां आलें नसतें, आणि १९९० सालीं बीजिंगच्या एशियाई सामन्यांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला नसता. गल्लींतल्या गल्लींत भांडण पुरतें. परगांवच्याशीं खेळावयाचें तर पुस्तक लागतें. परंतु पुस्तकाबरोबर शिट्टी आली, आणि शिट्टी वाजली कीं खेळाडूनें गप्प बसावयाचें असा दंडक आला. कबड्डीची चढाई तर आतां तीस सेकंदांच्या घड्याळावर चालते. क्रिकेटनें मात्र जुन्या राज्याची एक खूण जपून ठेवली आहे. क्षेत्ररक्षण करणाऱ्यांपैकीं कोणी अपील केल्याशिवाय पंचाला फलंदाजास बाद देतां येत नाहीं, असा त्या खेळाचा नियमच आहे. म्हणजे आधीं ओरडा, मग न्याय. हा नियम करणारे इंग्रज गृहस्थ कोणत्या तरी खेडेगांवच्या गल्लींत लहानाचे मोठे झाले असले पाहिजेत.

खेळाडूंच्या तोंडून काढून घेतलेलें भांडण गेलें कोठें? तें प्रेक्षकांकडे गेलें. पूर्वीं चौदा मुलें भांडत आणि ओसरीवरचे गृहस्थ त्रासत. आतां मैदानावरचे बावीसजण ओठ मिटून खेळतात आणि ओसरीवरचे गृहस्थ भांडतात. विदर्भानें २०१७-१८ च्या हंगामांत इंदूरला दिल्लीचा पराभव करून पहिल्यानें रणजी करंडक जिंकला, तेव्हां नागपुराइतकाच आनंद अमरावतीच्या बाजूलाही झाला. अमरावतीचा जितेश शर्मा पुढें भारताच्या संघांत यष्टिरक्षक म्हणून उभा राहिला, तेव्हां तर यष्टींमागें नेमके कोठें उभें राहावें हें त्याला सांगणाऱ्यांची संख्या एकाएकीं वाढली. परंतु भांडणाच्या दृष्टीनें खरा सुकाळ झाला तो २०२५ च्या मार्चमध्यें. नागपूरचा अंतिम सामना अनिर्णित राहिला आणि केरळवर पहिल्या डावांत घेतलेल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाला मिळाला. सामना कोणीच जिंकला नाहीं आणि करंडक मात्र जिंकला! सदतीस म्हणजे गिल्लीदांडूंतल्या एका बऱ्या टोल्याची मागणी. अशा मागणीवर गल्लींतल्या पोरांनीं दोन संध्याकाळी सहज काढल्या असत्या. तेथें पंचांनीं हस्तांदोलन केलें आणि घरीं गेले.

भांडण अगदींच बंद ठेवणें धोक्याचें आहे, हें क्रिकेटच्या चालकांच्याही ध्यानांत आलें असावें. २००८ सालीं श्रीलंकेंत भारताच्या कसोटी सामन्यांत पंचाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची पद्धत प्रथम करून पाहण्यांत आली. त्या पद्धतीप्रमाणें कर्णधाराला पंधरा सेकंदांत ठरवावें लागतें, आणि दाद फुकट गेली तर एक संधि कमी होते. म्हणजे रेशनवर मिळणाऱ्या साखरेप्रमाणें भांडणही ठराविक मापानें मिळूं लागलें. आणि हें तरी नवें काय? मागावयाचें, समोरच्यानें मोजावयाचें, मोजणींत चुकलें तर गमवावयाचें! मोर्शीचें पोर चाळीस दांडू मागून जें करतें तेंच हें. फरक एवढाच कीं, येथें दांडू धरणारें यंत्र असतें आणि तें बोटभर सरकवल्याचा आरोप त्याच्यावर करतां येत नाहीं. म्हणून दाद मागून होते, निकाल लागतो, आणि कोणाचेंही समाधान होत नाहीं.

यंत्राशीं भांडतां येत नाहीं, ह्या एका गोष्टीनें अनेक घरांचें रूप पालटलें आहे. मूल मोबाईल हातांत घेऊन कोपऱ्यांत बसतें आणि खेळतें. प्रथम आईला बरें वाटतें: ढोपरें फुटत नाहींत, सदरे फाटत नाहींत, शेजारच्या काकू तक्रार घेऊन येत नाहींत. पांच-सहा महिन्यांनीं तिच्या लक्षांत येतें कीं, शेजारच्या काकू मुळींच येत नाहींत. पडद्यावरच्या खेळांत कच्चें लिंबू नसतें. धाकटा पहिल्याच फटक्याला बाद होतो आणि रडत आईकडे येतो. तेथें "मोज" म्हणावयाची सोय नाहीं, कारण मोजणाऱ्यानेंच आधीं सारें मोजून ठेवलेलें असतें. आणि कोणाचा दांडू म्हणून कोणाला सांभाळून घ्यावें लागत नाहीं. हरलें कीं बटण दाबावें, नवा प्रतिस्पर्धी येतो. काल ज्याच्याशीं खेळलों त्याचें नांव आज विचारण्याचें कारण पडत नाहीं. अशा मुलाला पुढें बागेचा सौदा करावा लागला, भावाशीं शेताची वांटणी करावी लागली, किंवा साधें लग्न करावें लागलें, म्हणजे तें काय करील? फाटकापर्यंत गेल्यावर चप्पल नीट करण्यासाठीं थांबावयाचें असतें, हें त्याला कोण सांगणार? आणि मागून हांक मारावयाची असते, हें बागाइतदाराच्या मुलाला तरी कोण सांगणार?

ओसरीवरच्या गृहस्थांना ह्याची झळ वेगळ्या रीतीनें लागली आहे. गल्ली आतां पुष्कळशी शांत असते, आणि त्यांना झोंप येत नाहीं.

नळाची कथा मात्र अर्धीच सांगून झाली. दमयंती भेटल्यावर नळ महिनाभर सासुरवाडीस राहिला. विदर्भाचा पाहुणचार जांवयाला लौकर सोडीत नाहीं. मग तो निषध देशास गेला आणि पुष्करापुढें उभा राहिला. ह्या खेपेस तो उमदेपणानें गप्प बसला नाहीं. त्यानें आधींच बजावलें कीं, सारें राज्य एका दानावर. आणि फांशांचा खेळ मान्य नसेल तर रथांत बस, द्वंद्वयुद्ध करूं. पुष्कर हंसला, खेळला, आणि हरला. आतां सर्व कांहीं नळाच्या हातीं होतें. त्यानें पुष्कराला अभय दिलें, त्याचा त्याचा वांटा त्याला परत केला, भाऊ म्हणून आलिंगन दिलें, आणि पुष्कर महिनाभर नळाच्या घरीं मानानें राहून मग आपल्या नगरास गेला. त्या महिन्यांत दोघे भाऊ संध्याकाळचे काय खेळत असत, हें व्यासांनीं सांगितलेलें नाहीं.